बोरॉन: ताटातलं मोजा, डबीतलं लांब ठेवा

द्राक्षबागायतदाराला बोरॉन नावाचं खनिजद्रव्य म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फुलोऱ्याच्या आधी बोरॉनची फवारणी चुकली तर मणी धरत नाहीत, घड विरळ राहतो, हे त्याला पाठ असतं. भुईमुगात ते कमी पडलं की शेंगदाण्याच्या दोन डाळिंब्यांमध्ये तपकिरी पोकळी पडते. वनस्पतींना बोरॉन लागतंच, हे इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ मध्ये दाखवून दिलं, आणि त्यावर आता कुणी वाद घालत नाही.

माणसाचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. एकीकडे पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या कॅल्शियमच्या गोळीवर बारीक अक्षरात ‘बोरॉन’ छापलेलं असतं. दुसरीकडे गुडघेदुखीवर टाकणखाराचं, म्हणजे बोरॉन असलेल्या बोरॅक्सचं, पाणी प्या, असे संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत असतात. मधल्यामध्ये ‘मग नेमकं करायचं काय?’ हा प्रश्न तसाच राहतो. हा लेख त्या प्रश्नापुरता आहे.

आधी: किती ठाम माहिती आहे?

माणसात बोरॉनच्या कमतरतेचा म्हणून ओळखला जाणारा एकही आजार नाही. लोह कमी झालं की पंडुरोग, आयोडीन कमी झालं की गलगंड, तसं इथे काही नाही. त्यामुळे ‘रोज अमुक मिलीग्रॅम खाल्लंच पाहिजे’ असा शिफारस केलेला आकडाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ च्या अहवालात बोरॉनला ‘बहुधा आवश्यक’ अशा घटकांच्या यादीत ठेवलं आणि प्रौढांसाठी दिवसाला १ ते १३ मिलीग्रॅम ही सुरक्षित पातळी धरली. अमेरिकेनं २००१ मध्ये फक्त वरची मर्यादा ठरवली: प्रौढांना दिवसाला २० मिलीग्रॅम. युरोपची मर्यादा त्याच्या निम्मी, म्हणजे १० मिलीग्रॅम. मी स्वतः युरोपचा आकडा डोक्यात ठेवते. शंका असेल तेव्हा कडक आकडा धरलेला बरा.

‘बहुधा’ हा शब्द कुठून आला? मुख्यतः अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, ग्रँड फोर्क्सच्या पोषण संशोधन केंद्रातून. तिथे फॉरेस्ट नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळी थांबलेल्या १२ स्त्रियांना ११९ दिवस दिवसाला जेमतेम पाव मिलीग्रॅम बोरॉन असलेला आहार दिला आणि मग रोज ३ मिलीग्रॅम बोरॉन वरून सुरू केलं. लघवीवाटे जाणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी झालं, रक्तातलं इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन वाढलं. बातमी मोठी होती, माणसं मात्र १२. नंतरच्या अभ्यासांमध्ये हे निकाल दरवेळी तसेच आले नाहीत. तिथल्याच जेम्स पेनलंड यांच्या प्रयोगांत बोरॉन फार कमी असताना एकाग्रता आणि स्मरणाच्या चाचण्यांत माणसं थोडी मागे पडली. तेही लहान गटांवरचं काम.

व्यायामशाळेत बोरॉनच्या गोळ्या ‘टेस्टोस्टेरॉन बूस्टर’ म्हणून विकल्या जातात, त्याचं मूळ १९८७ च्या याच बातमीत आहे. पण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ शरीरसौष्ठवपटूंना सात आठवडे तपासलं. काहींना रोज अडीच मिलीग्रॅम बोरॉन, काहींना नुसती खोटी गोळी. ताकद आणि स्नायू दोन्ही गटांत वाढले, कारण दोन्ही गट व्यायाम करत होते. बोरॉनचा वेगळा फरक दिसला नाही. जिमच्या काउंटरवर हे कुणी सांगत नाही.

संधिवाताबद्दलही असंच. बोरॉन कमी मिळणाऱ्या प्रदेशांत सांधेदुखी जास्त, अशी निरीक्षणं आहेत, काही छोट्या चाचण्यांत आरामही दिसला आहे. पण २० माणसांच्या चाचणीवरून गावभर दवंडी पिटता येत नाही.

तेव्हा शहाणपणाची भूमिका अशी: बोरॉन शरीराच्या कामाचं असण्याची शक्यता बरीच आहे, दिवसाला १ ते ३ मिलीग्रॅमच्या आसपास ते अन्नातून सहज मिळतं, आणि ज्या पदार्थांतून मिळतं ते तसेही खाण्यासारखेच आहेत. यात गमावण्यासारखं काही नाही.

पायरी १: ताटात ते कुठे असतं, हे ओळखा

यादी पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या. वनस्पतींच्या पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं, तेच ज्यामुळे जॅम घट्ट होतो. बोरॉन या पेक्टिनच्या धाग्यांना गाठी मारून धरून ठेवतं. गवताच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशीभिंतीत पेक्टिन कमी, म्हणून बोरॉनही कमी. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सगळी गवतंच. द्विदल वनस्पतींत, म्हणजे डाळी, कडधान्यं, भुईमूग आणि बहुतेक फळझाडांत पेक्टिन जास्त आणि बोरॉनही जास्त.

एवढं लक्षात आलं की ताटाचा अर्धा हिशेब आपोआप होतो. पोळी, भाकरी, भात यांतून फारसं मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मटण यांतूनही नाही. उसळ, कूट, फळं आणि सुकामेवा हीच खरी जागा.

आता आकडे. हे अमेरिकी सरकारी तक्त्यांतले आहेत. बोरॉन जमिनीवर फार अवलंबून असल्यामुळे आपल्याकडच्या मालात ते कमीजास्त निघेल, म्हणून अंदाजासाठीच वापरा.

बेदाणे: सुमारे ४० ग्रॅममध्ये ०.९५ मिलीग्रॅम. द्राक्षातलं पाणी उडून बाकी सगळं आटतं, म्हणून बेदाणा इतका वरचढ. तासगाव-सांगलीचा बेदाणा घरात असेल तर परदेशी काही शोधायची गरज नाही.

भाजलेले शेंगदाणे: २८ ग्रॅममध्ये ०.४८. मराठी स्वयंपाकघराचा हा हुकमी पत्ता. ज्या घरात साबुदाण्यापासून भरल्या वांग्यापर्यंत सगळ्यात कूट पडतं, त्या घरात बोरॉनची चिंता मुळातच कमी.

सफरचंद एक मध्यम: ०.६६. पेअर: ०.५०. संत्रं: ०.३७. अर्धी वाटी द्राक्षं: ०.३७. केळं: फक्त ०.१६. शिजवलेल्या घेवड्याच्या जातीच्या कडधान्यांच्या अर्ध्या कपात साधारण ०.३५ ते ०.४८, आणि आपल्या राजमा, वाल, चवळीसाठी तोच अंदाज धरायला हरकत नाही. अॅव्होकॅडोच्या अर्ध्या कपात १.०७ असतं खरं, पण त्याच्या किमतीत किलोभर शेंगदाणे येतात. वाइनमध्येही बोरॉन असतं. नाशिककरांनी हे कारण घरी सांगून पाहावं, मी जबाबदार नाही.

आणि तळाशी: एक कप दूध ०.०४, अर्धा कप भात ०.०३.

पायरी २: एक दिवस प्रत्यक्ष मोजून पाहा

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. एरवी आपण ‘मूठभर’ म्हणतो तेव्हा नेमकं किती घेतो, हे काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही. वीस ग्रॅम बेदाणे तळहातावर घेतले तर ढीग होत नाही, खळगा जेमतेम भरतो. पोह्यांवर आपल्या वाट्याला आलेले शेंगदाणे वेचून ठेवले तर ते १० ते १५ ग्रॅम भरतात. कोशिंबिरीतला कुटाचा मोठा चमचा साधारण १० ग्रॅम.

आता बेरीज. सकाळी कांदेपोहे, त्यात १५ ग्रॅम दाणे: ०.२५. दुपारी अर्धी वाटी चवळीची उसळ: ०.३५. काकडीच्या कोशिंबिरीत कूट: ०.१७. चार वाजता एक संत्रं: ०.३७. रात्री झोपण्याआधी २० ग्रॅम बेदाणे: ०.४५. झाले १.५९. चहा, दूध, बटाटा, पालेभाजी, पिण्याचं पाणी यांचं किरकोळ धरून पावणेदोन-दोनपर्यंत जातं. गोळी न घेता.

आता उलटं ताट बघा: सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी आणि दुधीची भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट, रात्री आमटी-भात. यात एक मिलीग्रॅम गाठणंही कठीण. एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींचं जेवण बरेचदा असंच आटोपशीर होत गेलेलं असतं: दात नाहीत म्हणून दाणे बंद, गॅस होतो म्हणून उसळ बंद, फळ एकट्यासाठी कोण कापणार. हाडांची काळजी सगळ्यात जास्त ज्यांना हवी, त्यांच्याच ताटातून हे पदार्थ आधी गळतात.

पायरी ३: जिथे अडतं तिथे बदल करा

दात नसतील तर अख्ख्या दाण्याऐवजी कूट. ताकात, दह्यात, पातळ भाजीत, कशातही जातं. शेंगदाण्याची आमटी आठवड्यातून एकदा करता येते. बेदाणे रात्री भिजवून सकाळी कुस्करून खावेत, आणि भिजवलेलं पाणी प्यावं. बोरॉन पाण्यात सहज उतरतं, पाणी ओतून दिलं तर त्यातला वाटा मोरीत जातो. हाच नियम उकडलेल्या भाज्यांना आणि कडधान्यांना. शिजवल्यावरचं पाणी कटासारखं वापरा.

उसळीनं पोट फुगत असेल तर कडधान्यं नीट भिजवून, मोड आणून, हिंग-आल्यासकट मऊ शिजवा आणि दोन चमच्यांपासून सुरुवात करा.

मधुमेह असेल तर बेदाण्याचा नाद सोडा. २० ग्रॅममध्ये जवळजवळ तीन चमचे साखर असते. दाणे, उसळ आणि अख्खं फळ एवढ्यावर भागतं. वजन कमी करायचं असेल तर दाणेही मोजूनच, कारण त्यात निम्मं तेल आहे.

घरच्या आरओ यंत्रामुळे बोरॉन निघून जातं का, असंही विचारलं जातं. साध्या पाण्यात बोरॉन बोरिक आम्लाच्या रूपात, म्हणजे विद्युतभाराशिवाय असतं, त्यामुळे बाकीच्या क्षारांच्या मानानं ते पडद्यातून जास्त निसटतं. आणि आपल्या हिशेबात पाण्यावर भिस्त मुळात ठेवलेलीच नाही.

एक अपेक्षा आधीच खाली आणते: हाडांच्या बाबतीत बोरॉन हा मागच्या रांगेतला गडी आहे. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, पुरेशी प्रथिनं आणि शरीराचं वजन पेलायला लावणारा व्यायाम हे पुढचे. रक्तातलं ड जीवनसत्त्व फारच खाली गेलेलं असताना बेदाणे मोजत बसण्यात अर्थ नाही.

पायरी ४: गोळी घेत असाल तर लेबल वाचा

कॅल्शियम, ड-३, झिंक, मॅग्नेशियम यांच्याबरोबर बोरॉन असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात. भिंग घेऊन दोन गोष्टी बघा.

पहिली, आकडा बोरॉनचा आहे की बोरॉनच्या क्षाराचा. ‘बोरॉन १ मिग्रॅ’ असं लिहिलं असेल तर सरळ आहे. ‘सोडियम बोरेट’ किंवा ‘बोरॅक्स’ असं लिहून आकडा दिला असेल तर त्याचा ११ टक्के भाग बोरॉन. ९ मिलीग्रॅम बोरॅक्स म्हणजे सुमारे १ मिलीग्रॅम बोरॉन. बोरिक आम्ल असेल तर साडेसतरा टक्के. बोरॉन सायट्रेट, ग्लायसिनेट, कॅल्शियम फ्रुक्टोबोरेट अशीही नावं दिसतील. अन्नातलं असो वा गोळीतलं, बोरॉन ८५ ते ९० टक्के शोषलं जातं, त्यामुळे ‘आमचंच शोषलं जातं’ या जाहिरातीसाठी जास्त पैसे मोजू नका.

दुसरी, बेरीज. हाडांची गोळी, वर मल्टिव्हिटॅमिन, त्यावर मुलीनं परदेशातून पाठवलेली ‘जॉइंट सपोर्ट’ची बाटली, या तिन्हींत बोरॉन असू शकतं. सगळं मिळून ३ मिलीग्रॅमच्या वर जात असेल तर डॉक्टरांना तिन्ही बाटल्या दाखवा. नुसती नावं सांगू नका, बाटल्याच न्या.

रक्तातलं बोरॉन तपासून घेण्याच्या फंदात पडू नका. त्यावरून उपचार ठरवता येईल असा कुठलाही सर्वमान्य आकडा नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर बोरॉनची वेगळी गोळी घेऊच नये. शरीर ते लघवीवाटे बाहेर टाकतं आणि तीच वाट अरुंद झालेली असते. गरोदरपणी, बाळाला पाजताना आणि स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या संप्रेरकांशी निगडित कर्करोगाचा इतिहास असेल तेव्हाही डॉक्टरांशिवाय नाही. जेवणातल्या बोरॉनला यांतल्या कुणीही घाबरायचं कारण नाही.

पायरी ५: टाकणखार आणि बोरिक पावडर तोंडात घालू नका

लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. बाकी विसरलात तरी चालेल.

सोनार दागिन्याला डाग देताना वापरतात तो टाकणखार म्हणजे बोरॅक्स. एकेकाळी तो लडाखच्या पुगा खोऱ्यातून आणि तिबेटातून खाली येई. कॅरमवर भुरभुरायची आणि झुरळांच्या गोळ्यांसाठी कणकेत मळायची ती बोरिक पावडर म्हणजे बोरिक आम्ल. दोन्हींत बोरॉन आहे, म्हणून दोन्ही ‘नैसर्गिक बोरॉन’ म्हणून फिरवली जातात.

हिशेब करू. एक चहाचा चमचा बोरॅक्स चार ते पाच ग्रॅम भरतं. ‘पाव चमच्याचाही निम्मा भाग लिटरभर पाण्यात घालून दिवसभर प्या’ अशी एक कृती फिरते. तो भाग सुमारे अर्धा ग्रॅम, त्यात बोरॉन जवळपास ६० मिलीग्रॅम. अमेरिकेच्या मर्यादेच्या तिप्पट, युरोपच्या सहापट, रोज. दुसरी कृती जरा हुशार दिसते: चमचाभर बोरॅक्स लिटरभर पाण्यात, आणि त्यातलं एक चमचा पाणी रोज. कागदावर ते ३ मिलीग्रॅमच्या आसपास येतं. पण चमच्याऐवजी औषधाचं झाकण भरून घेतलं, तळाशी बसलेलं न ढवळता घेतलं, दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणी ते साधं पाणी समजून पेलाभर प्यायलं, तर हिशेब कोलमडतो. शिवाय किराणा किंवा रंगाच्या दुकानातला टाकणखार खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो. तेवढंच बोरॉन मूठभर दाण्यांतून आणि दोन फळांतून मिळत असताना ही जोखीम कशासाठी?

लहान मुलांच्या बाबतीत जास्त कडक राहायला हवं. खोकल्यावर, तोंड आल्यावर टाकणखाराची लाही (तापवून फुलवलेला टाकणखार) मधातून चाटवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. लाही करताना टाकणखारातलं पाणी उडतं आणि वजन जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे पाणी पूर्ण उडालं तर त्याच चिमटीत बोरॉन जवळपास दुप्पट, एकवीस टक्क्यांवर. शंभर मिलीग्रॅमच्या बारीकशा चिमटीत २० मिलीग्रॅम बोरॉन. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादा अमेरिकेच्या तक्त्यात ३ मिलीग्रॅम आहे. १९८३ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सात तान्ह्या बाळांची नोंद आली होती. त्यांच्या चोखणीला मध आणि बोरॅक्स लावलं जात होतं, बाळांना फिट्स येत होत्या आणि ते मिश्रण बंद केल्यावर थांबल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे बालरोगतज्ज्ञ वेगळ्या कारणासाठी सांगतातच. आजीनं आपल्याला दिलं होतं आणि काही झालं नाही, हे खरं असेलही, पण आजीच्या चिमटीचं वजन आपल्याला ठाऊक नाही. वैद्यांकडचं शोधित औषध घ्यायचं असेल तर ते वैद्यांनी मुलाला बघून, वजनावर ठरवू दे.

पापडखार आणि टाकणखार यांची गल्लतही टाळा. पापडखार हा सोड्याच्या जातीचा क्षार, पापडात चालतो. टाकणखार खाद्यपदार्थांत चालत नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही पुडीतून येतात, आणि एकाच फळीवर पुसट झालेल्या डब्यांत राहतात. टाकणखार, बोरिक पावडर आणि झुरळांच्या गोळ्या स्वयंपाकघरातून बाहेर काढा, डब्यावर ठळक नाव लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. कॅरम खेळून झाल्यावर पोरांना हात धुवायला लावा, मग चिवडा.

पोटात गेलंच तर

मळमळ, उलट्या, जुलाब, अंग लालभडक होऊन कातडी सोलणं, सुस्ती, फिट्स ही लक्षणं. सगळी एकदम दिसतील असं नाही. मोठ्या माणसाच्या बोटाला लागलेली कॅरमची पावडर जिभेवर गेली तर चूळ भरून पाणी पिणं पुरेसं असतं. पण लहान मुलानं चमचाभर खाल्लं असेल, किंवा किती खाल्लं हे कळत नसेल, तर लक्षणांची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. पुडी किंवा डबा, आणि त्यात उरलेली पावडर, तशीच बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा. मुलाचं वजन, खाल्ल्याची वेळ आणि डबा आधी किती भरलेला होता, हे तीन आकडे तिथे पोचल्याबरोबर सांगा.